अमेरिकेतली विद्यापीठं आधी बघून यायची का?

जुळे सोलापुरातल्या एका प्राथमिक शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस.साठी अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रं हातात आहेत, एक टेक्ससमधलं आणि एक ओहायोतलं. राहण्या-खाण्यासकट दोन वर्षांचा खर्च पहिल्या ठिकाणी 46 लाख, दुसऱ्या ठिकाणी 58 लाख. मुलीचा कल ओहायोकडे, कारण त्याचं नाव मोठं. गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअरही चांगला आलाय, पण एम.टेक.चा विचार घरात कुणी केलेला नाही. यजमानांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांचं म्हणणं असं, की एवढा पैसा घालायचा तर बाप-लेकीनं आधी जाऊन दोन्ही ठिकाणं डोळ्यांनी बघून यावीत. अंदाजे 5 लाख लागतील, ते शिक्षणासाठी ठेवलेल्या 7 लाखांच्या एफडीतून काढायचे आणि शिक्षणाचं कर्ज घर तारण ठेवून घ्यायचं. ताई शेवटी लिहितात, "एकदा बघून आले की माझाही जीव शांत होईल."

ताई, आधी उत्तर देतो: या घडीला अमेरिकेला बघायला जाऊ नका. पण यजमानांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. घर तारण ठेवून पन्नास लाखांचं काही घ्यायचं आणि ते न बघता घ्यायचं, हे कुठल्याही व्यावसायिक माणसाला खटकणारच. "50 लाखांत 5 लाख म्हणजे दहाच टक्के" असंही त्यांनी तुम्हाला समजावलंय. माझी हरकत या टक्केवारीला आहे. बघायला जाण्याची किंमत एकूण खर्चाशी ताडायची नसते. तिथे जे दिसेल त्यामुळे आपला निर्णय बदलण्याची शक्यता किती, आणि तीच माहिती स्वस्तात मिळते का, हे बघायचं असतं. यजमान सूत घेताना आधी नमुन्याचा कोन, म्हणजे सुताची गुंडी, मागवतात, आधीच्या गिऱ्हाइकांना फोन लावतात. प्रत्येक ऑर्डरआधी कोइमतूरची गिरणी बघायला ते जात नाहीत.

5 लाखांचा अंदाज बरोबर आहे. डॉलर 90 रुपये धरला तर मुंबईहून दोघांची जाऊन-येऊन विमानाची तिकिटं अडीच लाख, प्रत्येकी 185 डॉलरप्रमाणे व्हिसाचे 33 हजार, तिथल्या तिथे फिरायची विमानं 54 हजार, आठ रात्रींचं हॉटेल 86 हजार, खाणं आणि टॅक्सी 72 हजार, शिवाय विमा. पण हे 5 लाख तुम्हाला 5 लाखांत पडणार नाहीत. ते एफडीतून गेले की तेवढंच कर्ज जास्त काढावं लागेल. साडेदहा टक्के व्याज धरू. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज साठत राहतं. तीन वर्षांत 1 लाख 57 हजार होतात आणि मुद्दल होते साडेसहा लाखांच्या वर. त्यावर दहा वर्षांचा हप्ता बसतो महिना 8,870 रुपयांच्या आसपास. सगळे हप्ते मिळून साधारण 10 लाख 64 हजार. नोकरी लागल्यावर मुलीनं लवकर फेडलं तर आकडा कमी होईल. पण घर तारण असताना मी लवकर फेडण्यावर भरवसा ठेवून हिशेब मांडत नाही.

त्याहून मोठी अडचण एफडीची आहे, आणि ती तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जात सरकारी बँका साधारणपणे एकूण खर्चाच्या 15 टक्के रक्कम मार्जिन म्हणून तुमच्याकडून मागतात. 46 लाखांचे 15 टक्के म्हणजे 6 लाख 90 हजार. तुमची एफडी जेमतेम तेवढीच आहे, आणि ओहायोचं मार्जिन तर 8 लाख 70 हजार होतं, म्हणजे तिथे एफडी अख्खी असूनही पुरत नाही. मार्जिन वर्षागणिक, कर्जाच्या हप्त्यांबरोबर भरता येतं, हे खरं. पण विद्यापीठाकडून आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र, घेताना पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढे पैसे कागदोपत्री दाखवावे लागतात आणि व्हिसाच्या मुलाखतीतही त्याबद्दल विचारतात. त्याच वेळी एफडी मोडून 2 लाखांवर आणणं म्हणजे स्वतःचं पारडं स्वतः हलकं करणं. कर्जाची रक्कम बहुतेक थेट विद्यापीठाला जाते. मुलगी ऑगस्टमध्ये तिथे उतरल्यावर घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, थंडीचे कपडे हे सगळं तुमच्याच खिशातून जाणार. त्याआधी एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसाचे 185 आणि सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, 350 डॉलर आहेतच.

व्हिसाचंही बघा. विद्यापीठं बघायला जायला दोघांना बी-2 म्हणजे पर्यटक व्हिसा लागेल. त्यावर जाऊन विद्यापीठ बघायला मनाई नाही, पण शिकता येत नाही. शिकायला एफ-1 वेगळा. मुंबईत पहिल्यांदा पर्यटक व्हिसा काढणाऱ्यांना मुलाखतीची तारीख अनेकदा कित्येक महिन्यांनंतरची मिळते. नशिबानं लवकर मिळाली तरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिथलं सत्र संपतं. त्यानंतर वर्ग रिकामे आणि विद्यार्थी गावी. आणि ज्याची मला खरी काळजी वाटते ते असं: बावीस वर्षांची, अविवाहित, अमेरिकेत प्रवेश मिळालेली मुलगी पर्यटक व्हिसा मागते तेव्हा ती परत येईल की नाही, ही शंका अधिकाऱ्याला येऊ शकते. तो नाकारला गेला तर पुढे एफ-1 च्या अर्जात "याआधी व्हिसा नाकारला होता का" या प्रश्नाला 'हो' लिहावं लागेल. त्यानं एफ-1 अडतोच असं नाही, पण गरज नसताना हा डाग का ओढवून घ्यायचा?

आता समजा, सगळं जुळलं आणि दोघं गेले. काय दिसेल? हिरवळ, ग्रंथालय, प्रयोगशाळेच्या काचा, आणि कुणीतरी आपुलकीनं फिरवून आणेल. दोन्ही ठिकाणं आवडतील. त्यातून 12 लाखांच्या फरकाचं उत्तर मिळणार नाही. ते उत्तर या प्रश्नांत आहे: एम.एस.च्या मुलांना पहिल्या वर्षी असिस्टंटशिप, म्हणजे विभागातलं पगारी काम, मिळते का, की ती सगळी पीएच.डी.वाल्यांना जाते? मागच्या वर्षी बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना उन्हाळी इंटर्नशिप मिळाली होती? घरभाडं खरोखर किती? पुढच्या नोकरीचं चित्र तर कुठल्याच इमारतीवर लिहिलेलं नसतं. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. तिथेच शिकून एफ-1 वरून बदल करणाऱ्यांना ते लागू नाही, असं महिनाभरानं स्पष्ट झालं, पण तो महिना अनेक आई-बापांनी कसा काढला ते मी पाहिलंय. आणि एक माणसाच्या स्वभावाचं सांगतो. 5 लाख घालून दोन जागा बघून आल्यावर "दोन्ही नकोत" म्हणणं फार जड जातं. बघायला गेलेलं घर मग त्या दोघांतलंच एक निवडतं.

हीच माहिती घरबसल्या मिळते. मुलीनं दोन्ही विभागांच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ई-मेल करून वरचे प्रश्न विचारावेत आणि सध्या शिकणाऱ्या दोन-तीन भारतीय विद्यार्थ्यांशी गाठ घालून द्यायला सांगावं. शिवाय लिंक्डइनवर तिनं स्वतः शोधावं, कारण विभाग समाधानी विद्यार्थ्यांचीच नावं देईल. सोलापुरात रात्री 9 वाजतात तेव्हा टेक्ससमध्ये सकाळचे साडेदहा असतात, व्हिडिओ कॉलला वेळ सोयीची आहे. कॉलवर यजमानांनीही बसावं. धंद्यातला माणूस आहे, समोरचा कुठे अडखळतो ते त्यांना मुलीपेक्षा लवकर कळेल. तुमची नणंद न्यू जर्सीला असल्याचं तुम्ही लिहिलंय. तिच्या मुलाला एका शनिवार-रविवारला जोडून ओहायोला जाऊन यायला सांगा, तिकिटाचे आणि एका रात्रीच्या हॉटेलचे 400-500 डॉलर तुम्ही द्या. तो फोनवरून वसतिगृह, बसचा थांबा, रात्रीचा रस्ता दाखवेल. 45 हजारांत तुमच्या डोळ्यांचं काम होईल.

तारखांबाबत एक गैरसमज दूर करतो. 15 एप्रिलपर्यंत विद्यार्थ्यावर दबाव आणायचा नाही, असा अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांचा आपसातला ठराव आहे, पण तो आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशांपुरता. स्वखर्चाच्या एम.एस.ला डिपॉझिटची तारीख प्रत्येकाची वेगळी असते. ती प्रवेशपत्रात बघा, डिपॉझिट परत मिळतं का ते लेखी विचारा आणि हवी तर मुदत वाढवून मागा. विचारल्यावर पुष्कळदा मिळते. पीएच.डी.ला प्रवेश मिळालेल्यांना मात्र विभाग स्वतःच्या खर्चानं भेटीला बोलावतात, निदान अमेरिकेतल्या प्रवासाचा खर्च तरी देतात. तुमची लेक पीएच.डी.ला निघाली असती तर माझं उत्तर वेगळं असतं.

आणि बघायला जायचंच असेल, तर या महिन्यात तिघं मिळून एम.टेक.साठी आयआयटी हैदराबाद बघायला कंदीला जाऊन या. ही संस्था हैदराबाद शहरात नाही, ती संगारेड्डीजवळ कंदीला आहे, आपल्याच पुणे-सोलापूर-हैदराबाद हायवेवर. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद करत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालात तर दुपारच्या आत पोहोचाल, आणि मुक्काम धरूनही 8 हजारांत भागेल. कामाच्या दिवशी जा, सत्र चालू असताना. आधी ई-मेल करून एखाद्या प्राध्यापकांची वेळ घ्या, एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. गेटवरून प्रवेश घेतलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे एकीकडे घर तारण आणि दुसरीकडे घर मोकळं, हा फरक आहे. तिला अमेरिकेलाच जायचं असेल तर जाऊ दे, मी तिला अडवत नाही. पण चांगली प्रयोगशाळा जवळून कशी दिसते, मार्गदर्शक विद्यार्थ्यांशी कसे बोलतात, हे एकदा पाहिलं की ओहायोच्या व्हिडिओ कॉलवर काय विचारायचं ते तिला नेमकं कळेल. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे हा दरवाजा या वर्षी लगेच बंदही होत नाही. बघायला जाऊन निर्णय खरोखर बदलू शकेल, अशी मला ही एकच जागा दिसते. कारण तिचा विचारच अजून झालेला नाही.

शेवटी तुमच्या जिवाला शांतता हवी, त्याबद्दल. ती इच्छा खोटी नाही आणि तिच्यासाठी पैसा ठेवायलाच हवा, फक्त एफडीतला नको. लेक जिथे कुठे जाईल, त्या महिन्यापासून 10 हजारांची आरडी सुरू करा. चोवीस महिन्यांत 2 लाख 40 हजार आणि वर व्याज. ती अमेरिकेत असली तर पदवीदान समारंभाला तुम्ही स्वतः जा. तेव्हा व्हिसा मागायला सांगण्यासारखं कारणही असेल आणि परत यायला तुमची नोकरीही. तिकीट मात्र तुमच्या नावाचं काढा. पत्रात यजमानांच्या आणि मुलीच्या तिकिटाचा हिशेब आहे, तुमचा नाही, हे माझ्या लक्षात आलं.

या आठवड्यात बँकेत जाऊन दोन गोष्टी लेखी घ्या: मार्जिन नेमकं किती आणि कधी भरायचं, आणि घराचं मूल्यांकन किती धरणार. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर कर्ज तुमच्या नावे सहकर्जदार म्हणून घेण्याबद्दलही विचारा. तिथे शिक्षणकर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. ओहायो की टेक्सस, हे बँकेचं उत्तर आणि त्या मुलांशी झालेलं बोलणं हातात आल्यावर मला कळवा, त्या 12 लाखांचा हिशेब आपण बसून करू.