स्पॅम अडवायला ब्लॉकलिस्ट, ग्रेलिस्टिंग की शिकणारा फिल्टर?

तुमच्या पंधरा जणांच्या ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, स्पॅमने सगळे हैराण आहेत आणि या तिन्हींतलं काय लावावं असं तुम्ही विचारलंय. एवढ्याच आकाराच्या ऑफिसचा सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतोय. कोणता उपाय किती स्पॅम पकडतो हे नंतर बघा. खरा मेल चुकून अडकला तर ते कुणाला कळतं, हे आधी बघा.

मी हे शिकलो ते एका नोकरीच्या अर्जावरून. फिल्टर प्रत्येक मेलला गुण देतो, जितके जास्त तितका स्पॅमचा संशय मोठा. आमच्या फिल्टरची मर्यादा ५ गुणांची होती, स्पॅमअसॅसिन या फिल्टर-प्रोग्रॅममध्ये मुळात तीच असते. त्या अर्जाला ५.३ मिळाले आणि तो मुकाट्याने जंकमध्ये गेला. अकरा दिवसांनी सापडला, तोवर जागा भरली होती. पाठवणारीला वाटलं, आम्ही उत्तरच दिलं नाही. मेलचं हेडर (मेलसोबत येणारी तांत्रिक नोंद) उघडून पाहिलं तर बहुतेक गुण शिकणाऱ्या भागानेच दिले होते, कारण आम्ही त्याला जवळजवळ फक्त स्पॅमच दाखवत आलो होतो.

शिकणाऱ्या फिल्टरची ही पद्धत, म्हणजे बेझियन पद्धत, २००२ मध्ये पॉल ग्रॅहमच्या लेखानंतर सगळीकडे पसरली. कोणता शब्द स्पॅममध्ये किती येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती, यावरून ती अंदाज बांधते. तुमच्याच मेलवर शिकते हे तिचं खरं बळ: 'कर्ज' हा शब्द एकाला स्पॅम, तर वित्तसंस्थेला रोजचं काम. पण चांगले मेलही तितकेच शिकवावे लागतात. स्पॅमअसॅसिनमध्ये तर दोन्हीकडचे २००-२०० मेल झाल्याशिवाय हा भाग गुण द्यायला सुरुवातच करत नाही.

ब्लॉकलिस्टचं उलट आहे. समोरचा सर्व्हर जोडला गेला की त्याचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या यादीत आहे का, हे डीएनएसवरून (इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या यंत्रणेवरून) तपासलं जातं आणि असेल तर दारातच नकार. चूक झालीच तर पाठवणाऱ्याला त्याच्याच सर्व्हरकडून 'पोचला नाही' असा निरोप मिळतो आणि तो फोन तरी करू शकतो. म्हणून मला ती आवडते. फक्त स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (हे प्रश्न विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) चालवा. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ हा कोड पाठवतं; त्याचा अर्थ 'चौकशी चुकीच्या मार्गाने आली' एवढाच असतो. त्यालाच 'यादीत आहे' समजणारा सर्व्हर सगळाच मेल परतवतो.

ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी मेलला 'थोड्या वेळाने या' म्हणणं. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅम पाठवणारे पुष्कळ बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) येत नाहीत. पण ओटीपी उशिरा येतात, आणि मोठ्या सेवा दुसऱ्यांदा वेगळ्याच आयपीवरून येतात तेव्हा घोळ वाढतो. मी ते बंद केलं.

एसपीएफ (डोमेनने कोणत्या सर्व्हरना मेल पाठवायला परवानगी दिली आहे ते) आणि डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) तपासाच, पण त्यातून पाठवणाऱ्या डोमेनची खातरी पटते, हेतूची नाही. स्पॅमवालेही सही करतात. प्रत्येक अनोळखी माणसाला 'तुम्ही खरे आहात ना?' असा उलट मेल पाठवणारी पद्धत मात्र अजिबात नको. स्पॅममधला पत्ता बहुधा खोटा असतो, त्यामुळे तो प्रश्न तिऱ्हाइताच्या इनबॉक्सवर जाऊन आदळतो.

आमच्याकडे आता दारात ब्लॉकलिस्ट आहे. १२ च्या वर गुण गेले तर मेल घेतानाच नकार, ५ ते १२ जंकमध्ये, आणि आपोआप काहीच पुसलं जात नाही. कुणी जंकमधून मेल इनबॉक्समध्ये ओढला की तो त्याच रात्री 'चांगला' म्हणून फिल्टरला शिकवला जातो. आणि दर सोमवारी सकाळी कुणीतरी एक जण जंकचे विषय वाचून काढतो.