वाचकांचे प्रश्न : स्पीडस्टरच्या प्रतिकृतीत जुने इंजिन की नवे?

प्रश्न : मी पोर्शे ३५६ स्पीडस्टर या जुन्या, उघड्या स्पोर्ट्स गाडीची प्रतिकृती बांधत आहे. फोक्सवॅगन बीटलची चासी आखूड करून त्यावर फायबरची बॉडी बसवून झाली आहे. मागे स्विंग ॲक्सल (गिअरबॉक्सपाशी सांधा असलेले, चाकासोबत वरखाली झुलणारे ॲक्सल) आहेत आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इंजिन मात्र अजून ठरत नाही. बीटलचेच हवेने थंड होणारे इंजिन बसवावे, असे मन म्हणते. परंतु सुबारूचे पाण्याने थंड होणारे २.५ लिटरचे इंजिन घेतले तर शक्ती तिप्पट मिळेल आणि कटकट संपेल, असे मित्र सांगतात. गाडी मुख्यतः सुटीच्या दिवशी चालवायची आहे. वर्षातून दोन-तीनदा लांबचा प्रवासही होईल. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्या मित्रांनी सांगितलेले शक्तीचे गणित बरोबर आहे. मात्र या गाडीच्या बाबतीत शक्ती हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की इंजिनातली उष्णता बाहेर कोणत्या वाटेने जाणार आणि ती वाट आपल्या गाडीत आज उपलब्ध आहे का.

१९५४ साली आलेल्या मूळ स्पीडस्टरचे साधे इंजिन दीड लिटरचे आणि ५५ अश्वशक्तीचे होते. ही गाडी आवडते ती तिच्या हलकेपणामुळे, बसक्या काचेमुळे आणि मागून येणाऱ्या त्या विशिष्ट आवाजामुळे. शिवाय पहिल्या ३५६ गाड्यांचे इंजिन बीटलच्याच इंजिनात सुधारणा करून तयार केलेले होते. त्यामुळे आपल्या प्रतिकृतीत बीटलचे इंजिन बसवणे ही नाइलाजाची तडजोड नसून त्यामागे घराण्याचे खरे नाते आहे. आपले मन जे म्हणते, त्याला हा भक्कम आधार आहे.

बीटलचे १५८४ सीसीचे ट्विन-पोर्ट (प्रत्येक हेडला हवा आत घेण्याच्या दोन वाटा असलेले) इंजिन सुमारे ५० अश्वशक्ती देते. सिलिंडरचा व्यास ८५.५ वरून ९०.५ मिलिमीटर केला, की तेच इंजिन १७७६ सीसीचे होते. यासाठी क्रँककेस (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) मशीनवर कापून घ्यावे लागतात. सोबत दोन कार्ब्युरेटर आणि बेताचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल, तर एवढ्या हलक्या गाडीला ते पुरेसे होते. याहून मोठे, १९१५ सीसीचे इंजिनही पुष्कळ जण बांधतात. परंतु व्यास जसजसा वाढतो तसतशी उष्णताही वाढते, म्हणून लांबच्या प्रवासाचा विचार असेल तर १७७६ वरच थांबावे, असे माझे मत आहे.

या इंजिनाचा खरा शत्रू उष्णता आहे, आणि प्रतिकृतींमध्ये ती वाढण्याचे कारण बहुधा इंजिनात नसून त्याच्या भोवती असते. पंख्याने ओढलेली हवा सिलिंडरच्या पात्यांवरून नेमकी जावी, यासाठी मूळ इंजिनाभोवती पत्र्यांचे पूर्ण वेष्टन असते, आणि इंजिनाचा कप्पा खालच्या बाजूने रबरी पट्टीने सीलबंद केलेला असतो. प्रतिकृती बांधताना यातले काही पत्रे ‘दिसत नाहीत’ म्हणून गाळले जातात, रबरी पट्टी बसवायची राहते, आणि मग खालून आलेली गरम हवाच पंखा पुन्हा पुन्हा आत ओढत राहतो. बीटलला मागच्या काचेखाली हवेसाठी फटी होत्या. स्पीडस्टरच्या मागच्या झाकणाला मात्र एकच जाळी असते. म्हणून एकही पत्रा गाळू नका आणि जाळीखालची जागा पूर्ण मोकळी ठेवा. मोठ्या, स्वतंत्र वाटेने हवा मिळणारा नंतरचा डॉगहाऊस प्रकारचा ऑइल कूलरच घ्या. आधीच्या रचनेत कूलर हवेच्या वाटेतच उभा असल्यामुळे तिसऱ्या क्रमांकाचा सिलिंडर अधिक तापत असे.

‘कटकट’ हा शब्दही नीट तपासून पाहायला हवा. या इंजिनात जेमतेम अडीच लिटर ऑइल मावते आणि मूळ रचनेत फिल्टर नसून केवळ जाळी असते. त्यामुळे दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलणे आणि इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, ०.१५ मिलिमीटरवर लावणे आवश्यक ठरते. काम एका सकाळचे आहे. इंजिन बांधतानाच खरा ऑइल फिल्टर बसवून घेतला आणि ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेतले, तर उरलेला बराचसा त्रास संपतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र इथेनॉलला टिकणाऱ्या, नव्या आणि क्लिपने घट्ट आवळलेल्या असू द्या, व पेट्रोलचा फिल्टर इंजिनाच्या कप्प्याबाहेर ठेवा. अशा गाड्यांना आग लागते ती बहुतेक वेळा जुन्या नळीतून गरम इंजिनावर टपकलेल्या पेट्रोलमुळे.

आता सुबारूविषयी. तेही आडव्या, समोरासमोर सिलिंडरांचेच इंजिन आहे, म्हणून अडॅप्टर प्लेटच्या साहाय्याने ते बीटलच्या गिअरबॉक्सला जोडता येते. परंतु त्यासाठी पुढे रेडिएटर, तिथपर्यंत चासीखालून जाणाऱ्या दोन लांब नळ्या, त्यांत हवा अडकू नये अशी मांडणी, उंची कमी केलेला ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी), नवा एक्झॉस्ट, टाकीपासून जास्त दाबाची इंधनव्यवस्था आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) छाटून जुळवलेले वायरिंग, इतके सारे लागते. आपल्या गाडीच्या पुढच्या भागात आज पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी आहे. रेडिएटरसाठी तयार बॉडी पुन्हा कापावी लागेल. शिवाय २.५ लिटरच्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे २२५ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे ज्या इंजिनासाठी आपला गिअरबॉक्स घडवला गेला त्याच्या दुपटीहून अधिक. त्यातच हेड गास्केट (हेडखालचा सीलबंद थर) गळणे हा त्या इंजिनाच्या जुन्या आवृत्त्यांचा सर्वज्ञात दोष आहे. ज्याला रोज रहदारीतून, कडक उन्हात गाडी न्यायची आहे आणि ज्याने रेडिएटरची जागा पहिल्या दिवसापासून आखली आहे, त्याला मी सुबारूच सुचवेन, आणि त्यातही २.२ लिटरचे अधिक टिकाऊ इंजिन. आपली गाडी आणि आपला वापर पाहता मी १७७६ सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिनच घ्यायला सांगेन.

वाचलेल्या पैशातून आधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवा. स्विंग ॲक्सल असलेल्या गाडीत वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू उचलली जाते, चाके आत मुडपतात आणि गाडी फिरते. त्यासाठी मागे कॅम्बर कॉम्पेन्सेटर, म्हणजे चाके आत मुडपू न देणारी आडवी पट्टी, बसवून घ्यावा. आपली चासी आता बीटलच्या २,४०० मिलिमीटरऐवजी २,१०० मिलिमीटरच्या जवळपास असेल, त्यामुळे ही चूक बीटलपेक्षाही लवकर अंगाशी येते.

डॅशबोर्डवर ऑइलच्या तापमानाचा मीटर अवश्य असू द्या. चार्जिंगचा दिवा चालताना पेटला, तर घरी जाऊन पाहू असे म्हणू नका. डायनॅमो आणि पंखा एकाच शाफ्टवर, एकाच पट्ट्याने फिरतात, आणि तो पट्टा तुटला असेल तर इंजिनाला हवा मिळणे त्याच क्षणी थांबलेले असते. गाडी तिथेच बंद करावी. जादा पट्टा आणि तो बदलण्यापुरते पाने सीटमागे कायम ठेवावेत.