वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर थकवा कधी जातो? दोन आठवड्यांत कामावर जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की स्लीव्हला, म्हणजे जठर कापून नळीएवढं ठेवण्याच्या शस्त्रक्रियेला, चौदा दिवस झालेत, आंघोळ करून आलं तरी पलंगावर टेकावं लागतं, सोमवारी रुजू व्हायचंय आणि घरचे म्हणतात, "टाके सुकले, आता कसला थकवा?" या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले.

सोमवारी जाऊ नका. मी बाराव्या दिवशी गेले होते.

माझीही स्लीव्हच, दुर्बिणीतून केलेली. पोटावर पाच बारीक छेद, दुसऱ्या दिवशी चालायला लावलं, तिसऱ्या दिवशी घरी. बघणाऱ्याला वाटतं, सुटली एकदाची. आत जठराचा पाऊण हिस्सा काढून टाकलाय आणि उरलेल्या नळीवरची टाक्यांची लांब रेघ अजून भरून येतेय, हे कोणाला दिसत नाही. ती भरून यायला शरीराला जे लागतं, तेच आपण त्या दिवसांत सगळ्यात कमी देतो. मला पहिले दोन आठवडे दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरीसुद्धा जेमतेम जात होत्या. एवढ्यावर धडधाकट माणूसही आठवड्याभरात गळून जाईल. यात आळस कुठे आला?

पण माझ्या डोक्यात ताईचं बोलणं बसलेलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. "मी रोज पहाटे उठून चालते, जिभेवर ताबा ठेवते. तू झोपून वजन उतरवणार." मी गप्प राहिले, फोन ठेवला आणि मनाशी पक्कं केलं की गरजेपेक्षा एक दिवसही जास्त रजा घ्यायची नाही. ऑफिसात तर हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं.

मी हिशेब विभागात आहे. त्यात महिनाअखेर. घरी मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या टोपणाने पाणी प्यायचे, दर दहा मिनिटांनी एक टोपण, कारण एकदम घोट घेतला की छातीत गोळा अडकल्यासारखं व्हायचं. ते टोपण पर्समध्ये घालून नेलं होतं, पण चारचौघांत काढायचा धीर झाला नाही. दुपारी दोनपर्यंत बाटलीतलं पाणी चार बोटंसुद्धा उतरलं नव्हतं. व्हाउचरच्या गठ्ठ्याला पिन मारताना स्टेपलर एका हाताने दाबला जाईना, दोन्ही तळवे ठेवून दाबत होते. तरी उठले नाही. मग कपाटाच्या तळच्या कप्प्यातली फाइल काढायला उकिडवी बसले, उभी राहायला गेले आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. कपाळ हँडलवर आपटलं. शुद्धीवर आले तेव्हा समोरच्या टेबलावरच्या बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या एवढंच विचारत होत्या, "गोळी कसली चालू आहे तुला? खरं सांग."

वरचा रक्तदाब ८४ निघाला. कारणं दोन. पाणी पोटात नव्हतं, आणि रक्तदाबाची गोळी मी शस्त्रक्रियेआधीच्याच मात्रेत घेत होते. खाणं आटलं, वजन उतरायला लागलं की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांची मात्रा बहुतेक वेळा कमी करावी लागते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर आठवड्याने दाखवायला या असं लिहिलेलं होतं. कामावर जाण्याच्या तयारीत मी ते पुढे ढकललं. तुम्हाला अशा गोळ्या चालू असतील तर आजच फोन करून विचारा. आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

सलाइन लागलं, रात्रभर ठेवून घेतलं. ताई भेटायला आली आणि पायाशी उभी राहून म्हणाली, "बघ, म्हणून मी सांगत होते." तिला वाटलं शस्त्रक्रियेनेच माझी ही गत केली. माझी गत केली ती तिला काहीतरी दाखवून देण्याच्या हट्टाने. तेव्हा बोलले नाही, आज लिहिते. वीस वर्षांत मी चार वेळा वजन उतरवलं आणि चारही वेळा ते दुपटीने परत आलं. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये तोच भाग काढतात. म्हणजे मी वीस वर्षं ज्याच्याशी झुंजले ते शरीरातलं रसायन होतं. त्याला माझा स्वभाव म्हणणाऱ्यांचं मी यापुढे ऐकून घेणार नाही, सख्खी बहीण असली तरी.

मी परत गेले ती पाचव्या आठवड्यात, पहिले पंधरा दिवस अर्धा दिवस. साहेबांना खरं सांगितलं. मोठा सल्ला हाच, की किमान एका माणसाला ऑफिसात खरं माहीत असू द्या. लपवलं की टोपण पर्समध्येच राहतं. बसून काम करणारे बरेचजण दोन ते चार आठवड्यांत रुजू होतात हे खरं आहे, पण ती तारीख सर्जनशी बोलून ठरवायची, घरच्यांच्या टोमण्यावरून नाही.

थकवा कधी गेला? सहाव्या-सातव्या आठवड्यात, मऊ घन आहार सुरू झाला आणि दिवसाची प्रथिनं ६० ग्रॅमवर गेली तेव्हा. एके दिवशी जिना चढून वर आले आणि थांबायला विसरले. तोवर दीड लिटर पाणी हेच माझं मुख्य काम होतं, घोट घोट, जेवणाच्या आगेमागे अर्धा तास सोडून. रोज थोडं चालणं मात्र सोडू नका. पायात गुठळी होऊ नये म्हणून ते लागतं, दमलो म्हणून नुसतं पडून राहणं हा इलाज नाही.

सहाव्या महिन्यात थकवा पुन्हा आला. हिमोग्लोबिन ठीक होतं, सगळे म्हणाले कामाचा ताण असेल. फेरिटिन तपासलं तर ९. शरीरातला लोहाचा साठा संपत आला होता. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मी एकत्र गिळत होते, दोन्हींत दोन तासांचं अंतर लागतं हे तेव्हा समजलं. रक्ततपासणीत फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व मागून घ्या.

माझं काम बसून करायचं आहे आणि शस्त्रक्रिया स्लीव्ह होती, हे लक्षात ठेवा. जठराची बायपास (वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया) झालेल्यांचं किंवा ओझी उचलणाऱ्यांचं गणित वेगळं, जड काम करणाऱ्यांना सहा-आठ आठवडेही लागतात. आणि ताप, बसल्या जागी धाप, न थांबणारी धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, पोटरीला सूज, काळी शी, यातलं काहीही झालं तर तो थकवा नाही, तेव्हाच्या तेव्हा रुग्णालय गाठा. उलट्या थांबत नसतील तर एक दिवसही काढू नका, बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो.

एवढं वाचूनही सोमवारी गेलातच, तर अर्धाच दिवस जा, तळच्या कप्प्याला हात लावू नका, आणि पाण्याचं टोपण टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवा.