मँचेस्टरला दोन दिवस, सोबत गिरणीतले बाबा

प्रश्न : ताई, मे महिन्यात मुलाकडे लंडनला चाललेय, सोबत माझे वडील आहेत, वय ७६. ते लालबागला गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते, ८२च्या संपापर्यंत. त्यांचं एकच म्हणणं आहे, मँचेस्टर बघायचंय. मुलगा म्हणतो तिथे फुटबॉल सोडून काय आहे, त्यापेक्षा पॅरिस करू. बाबांना ऐकू कमी येतं, फार चालवत नाही. दोन दिवस पुरतील का आणि काय काय दाखवू?
– एक वाचक, चिंचपोकळी

उत्तर : बाबांचं ऐका. पॅरिसला वेगळा शेंगेन व्हिसा लागणार, मँचेस्टर यूकेच्या व्हिसावरच होतं, आणि लंडनच्या युस्टन स्टेशनवरून ट्रेनने साधारण सव्वादोन तासांत तुम्ही मँचेस्टरच्या पिकाडिली स्टेशनला असता. तिकीट मात्र आधीच काढून ठेवा, ऐनवेळचं फार महाग पडतं.

पण खरं कारण वेगळंच आहे. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली ना, तेव्हापासून आपल्याकडे कितीतरी यंत्रं आली ती मँचेस्टरला लागूनच असलेल्या ओल्डहॅमहून, प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यातली. म्हणजे बाबांनी ज्या जातीच्या मशीनवर उमेदीची वर्षं घालवली ती जिथे जन्मली ते गाव बघायला ते चाललेत, त्यांना गाईडची गरज नाही, उलट तेच तुम्हाला सांगतील मागावरचा धोटा आडवा धागा घेऊन कसा जातो ते.

म्हणून पहिला अख्खा दिवस क्वारी बँक मिलला द्या. ही शहरात नाही, स्टायल नावाच्या गावात आहे, एअरपोर्टच्या जवळ, तिथून टॅक्सी करा. १७८४ मध्ये सॅम्युअल ग्रेगने बॉलिन नदीच्या काठी काढलेली सूतगिरणी, पाण्याचं चाक अजून फिरतं आणि माग चालवूनही दाखवतात. मग तो आवाज. आवाजाबद्दल मुद्दाम सांगतेय कारण बाबांच्या कानांचं तुम्ही लिहिलंत. लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या गिरणगावांतल्या, विणकर बायका मागांच्या खडखडाटात ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलायच्या, त्याला तिकडे मी-मॉइंग असं नावच पडलं होतं, आणि कित्येकींचे कान कायमचे गेले. बाबांना हे नक्की सांगा, जवळ बसून, सावकाश. तिथेच वर अप्रेंटिस हाऊस आहे, गिरणीत राबणारी नव्वदच्या आसपास मुलं त्या घरात राहायची, बरीचशी अनाथ किंवा गरिबांची. दिवसाला बारा तास काम. मला स्वतःला गिरणीपेक्षा ते घर जास्त लागलं, त्या छोट्या खोल्या बघून मी बराच वेळ नुसती उभी होते. जागा नदीच्या खोऱ्यात आहे त्यामुळे परत येताना चढ लागतो, बाबांना घाई करू नका, मध्ये चहा घ्या.

दुसऱ्या दिवशी शहर. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमला प्रवेश फुकट आहे, ते उभंच आहे लिव्हरपूल रोड स्टेशनच्या जागेवर, १८३० चं, जगातलं सगळ्यात जुनं शिल्लक राहिलेलं पॅसेंजर स्टेशन. कापूस लिव्हरपूल बंदरात उतरायचा आणि या रेल्वेने इथे यायचा. तिथेही कापडाची मशीनं आहेत, पण ती चालवायच्या वेळा आणि दुरुस्तीसाठी काय बंद आहे ते निघायच्या आधी वेबसाइटवर बघा. टाउन हॉलचंही तसंच, तो २०१८ पासून दुरुस्तीला काढलाय.

तिथून लिंकन स्क्वेअर चालत जमेल, नाहीतर शहरात फुकट बस फिरते ती घ्या. इथे अब्राहम लिंकनचा पुतळा का, तर १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि गुलामांनी पिकवलेला कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, घरोघरी उपासमार, आणि तरीसुद्धा मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पाठिंबा कळवला की गुलामगिरी संपलीच पाहिजे. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना उलट पत्र लिहिलं, त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरलाय. आणि ह्याच काळात आपल्या मुंबईत काय झालं, तर कापसाचे भाव आभाळाला भिडले, पैशांचा पूर आला, १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद ह्याच कापसाच्या व्यापारातले. एका कापसाने दोन शहरांचं केवढं उलटसुलट केलं बघा.

आणि मालकांची बाजूही कळू दे. इथल्याच गिरणीमालकांच्या दबावामुळे १८९६ मध्ये हिंदुस्थानातल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तो उठायला १९२५ उजाडलं. मात्र १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला गेले तेव्हा आपल्याकडच्या विलायती कापडावरच्या बहिष्कारामुळे बेकार झालेले कामगारसुद्धा त्यांना आपुलकीने भेटले. कॅथेड्रलपाशी गांधीजींचा पुतळा आहे, २०१९ चा, जवळच आहे तर जाऊन या.

वेळ आणि पायात बळ उरलं तर पीपल्स हिस्टरी म्युझियम, कामगार चळवळीचं, तिथले युनियनचे बॅनर बघताना बाबांना लाल बावटा आठवेल. बाकी चेटम्स लायब्ररी, रायलँड्स लायब्ररी छान आहेतच पण या खेपेला सोडलं तरी चालेल. जेवायला रशोमच्या करी माइलवर जा, भात-डाळ मिळते. छत्री आणि विंडचीटर मे महिन्यातही हवंच.

शेवटी जाता जाता रॉयल एक्स्चेंजमध्ये डोकवा. जुना कापूसबाजार, आता आत थिएटर आहे. १९६८ मध्ये सौदे बंद झाले, त्या शेवटच्या दिवसाचे भाव वर भिंतीवरच्या फलकावर अजून तसेच आहेत. बाबांना खाली एक खुर्ची द्या आणि वाचू द्या.