वाचकांचे प्रश्न : ड्रॉमध्ये तेच नाव दिसते तेव्हा

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा दादरला टेनिस शिकतो आणि वयोगटाच्या स्पर्धा खेळतो. वरच्या मानांकनाच्या मुलांनाही तो हरवतो. परंतु एका ठरावीक मुलाशी गाठ पडली की हमखास हरतो. तो मुलगा जोरात मारत नाही, उंच आणि संथ चेंडू परत टाकत राहतो. हल्ली ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या यादीत, त्याचे नाव पाहूनच आमच्या मुलाला जेवण जात नाही. प्रशिक्षक म्हणतात, मुलगा मनाने कच्चा आहे. नदालपुढे वारंवार हरणारा फेडररही मनाने कच्चाच होता का?
— एक पालक, माहीम

उत्तर : नव्हता, आणि आपल्या मुलालाही तसे कुणी म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चौदा वर्षांच्या मुलाला चिकटवलेला असा शिक्का त्याच्या हातातल्या रॅकेटपेक्षा जड होतो.

नदालचे दडपण फेडररच्या मनात शिरले ते एका विशिष्ट फटक्याच्या वाटेने. नदाल डावखुरा, त्याचा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) असलेला फोरहँड फेडररच्या एकहाती बॅकहँडकडे यायचा आणि टप्पा पडल्यावर खांद्याच्या वर उसळायचा. मातीच्या कोर्टवर ही उसळी आणखी वाढत असल्यामुळे तिथे झालेल्या सोळा सामन्यांपैकी चौदा नदालने जिंकले. 2007च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररला तब्बल सतरा ब्रेक पॉइंट, म्हणजे नदालच्या सर्व्हिसचा गेम जिंकण्याच्या संधी, मिळाल्या आणि त्यांतली केवळ एक त्याला साधता आली. इतक्या संधी निर्माण करणाऱ्याला खेळ येत नव्हता असे कोण म्हणेल? पण निर्णायक गुणाच्या वेळी चेंडू कुठे येणार हे आधीच ठाऊक असणे आणि त्यावर आपल्याकडे भरवशाचे उत्तर नसणे, यातून हात आखडतो. असे पराभव साठत गेले की त्यांची आठवण इतर कोर्टांवरही सोबत येते. 2008मध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर नदालने त्याला पाच सेटमध्ये हरवले आणि 2009मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये हरल्यावर पारितोषिक समारंभात फेडररला रडू आवरले नाही.

2014च्या अखेरीस हा हिशेब नदालच्या बाजूने 23–10 असा होता. त्यानंतरच्या सातपैकी सहा सामने मात्र फेडररने जिंकले. 2017च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये तो 1–3 असा मागे होता आणि तिथून त्याने सलग पाच गेम घेतले. चेंडूशी खेळायचे, प्रतिस्पर्ध्याशी नाही, असे आपण स्वतःला बजावत होतो, हे त्याने सामन्यानंतर सांगितले. हे वाक्य पालक आणि प्रशिक्षक मुलांना फार ऐकवतात. पण त्यामागची तयारी सांगायची राहून जाते. फेडररने 2014पासून नव्वदऐवजी सत्त्याण्णव चौरस इंच पृष्ठभागाची रॅकेट घेतली होती, आणि मेलबर्नला तो तोच उसळता चेंडू मागे न सरता, उसळी पूर्ण होण्याआधीच बॅकहँडने सपाट मारत होता. मन मोकळे ठेवायला सांगणे तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा हाताला नेमके काय करायचे ते माहीत असते.

आपल्या मुलाच्या बाबतीत म्हणूनच सुरुवात सरावापासून करावी. उंच, संथ चेंडू पुढे पाऊल टाकून चढता असतानाच मारणे आणि तो हवेत असतानाच जाळ्याजवळ जाऊन व्हॉलीने संपवणे, या दोन गोष्टींसाठी रोजचा वेगळा वेळ प्रशिक्षकांकडून मागून घ्यावा, आणि त्या काळात घरी त्या दुसऱ्या मुलाचा विषयच काढू नये. पहिल्या एक-दोन सामन्यांत हे फटके बाहेर जातील व तो कदाचित आणखी वाईट हरेल. त्या दिवशी निकालाऐवजी किती वेळा तो पुढे सरसावला, एवढेच त्याला विचारावे.

दोन गुणांमधल्या काही सेकंदांसाठीही त्याला एखादे ठरलेले काम द्यावे. नदाल पाण्याच्या बाटल्या एका विशिष्ट पद्धतीने मांडायचा, त्याकडे अंधश्रद्धा म्हणून पाहण्याची घाई करू नये. एकच कृती त्याच क्रमाने केली की आधीच्या गुणाचा विचार मागे टाकणे सोपे जाते. 2024मध्ये डार्टमथ येथील पदवीदान समारंभात फेडररने सांगितलेली गोष्टही मुलाला जरूर सांगा : कारकिर्दीतल्या 1,526 एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के त्याने जिंकले, पण गुण मात्र केवळ चौपन्न टक्के.

प्रश्न : माझी सर्वांत जवळची मैत्रीणच माझी मुख्य प्रतिस्पर्धी आहे. मैत्रीमुळे जिद्द कमी होते का?
— एक खेळाडू, गिरगाव

उत्तर : टेनिसपटू ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा एकेरीत 80 वेळा समोरासमोर आल्या, त्यांपैकी 43 सामने मार्टिनाने जिंकले. याच काळात दोघींनी मिळून 1975मध्ये फ्रेंच ओपनची आणि 1976मध्ये विम्बल्डनची दुहेरीही जिंकली. पुढे मार्टिनाने ख्रिसला सलग तेरा वेळा हरवले, तरी 1985च्या फ्रेंच ओपनचा अंतिम सामना ख्रिसने तिसऱ्या सेटमध्ये 7–5 असा खेचून आणला. जिद्दीची काळजी आपण करू नये. मात्र सामन्याच्या दिवशी सराव वेगवेगळा करावा आणि निकालाविषयीचे बोलणे दुसऱ्या दिवसावर ठेवावे, हे दोघींनी आधीच ठरवून टाकावे. हरलेल्या मैत्रिणीला त्या संध्याकाळी एकटे राहू देण्यात काहीही वावगे नाही.