हेगला जाण्यापूर्वी : आंतरराष्ट्रीय फौजदारी वकिलीविषयी प्रश्नोत्तरे

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात काम करण्याविषयी विचारणाऱ्या पत्रांत तेच गैरसमज पुन्हा पुन्हा आढळतात आणि त्यांपायी तरुण वकिलांचा पैसा व उमेदीची वर्षे वाया जातात, म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : कुलभूषण जाधव यांचे प्रकरण ज्या न्यायालयात चालले तेथेच मला काम करायचे आहे. फौजदारी कायदा हा विषय घ्यावा का? (विद्यार्थिनी, दादर)

जाधव प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चालले. तेथे देश पक्षकार असतात, आरोपी कोणी नसतो. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणारे फौजदारी न्यायालय ही वेगळी संस्था आहे. दोन्ही हेग शहरात आहेत म्हणून ती एक होत नाहीत. कोठे जायचे ते आधी ठरवा आणि विषयाची निवड प्राध्यापकांशी बोलून करा.

प्रश्न : भारत फौजदारी न्यायालयाचा सदस्य नसल्यामुळे भारतीयांना तेथे प्रवेशच नाही, असे आमचे सीनियर सांगतात. (वकील, कल्याण)

ही ऐकीव माहिती आहे. 1998 साली रोम संविधीवर, म्हणजे हे न्यायालय स्थापन करणाऱ्या करारावर, मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि आजही तो सदस्य नाही, त्यामुळे भारतीय नागरिक तेथे न्यायाधीश होऊ शकत नाही. नोकरभरतीत आणि इंटर्नशिपमध्ये सदस्य देशांच्या नागरिकांना झुकते माप मिळते, पण दार बंद नाही. आरोपींची किंवा पीडितांची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या यादीसाठी तर नागरिकत्वाची अट नाही. फौजदारी कामकाजाचा किमान 10 वर्षांचा अनुभव, इंग्रजी किंवा फ्रेंचवर उत्तम प्रभुत्व आणि निष्कलंक नोंद एवढे लागते. सध्याच्या अटी मूळ नियमांत वाचा आणि शंका प्रबंधक कार्यालयालाच लेखी विचारा.

प्रश्न : एक संस्था शुल्क घेऊन हेगमधील इंटर्नशिप ‘नक्की’ करून देते. पहिला हप्ता भरला आहे. दुसरा भरू का? (ठाणे)

भरू नका. न्यायालय भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, त्यामुळे पैसे घेऊन जागा विकणारा माणूस आपल्याला फसवत आहे. पावत्या व संदेश जपून ठेवा आणि आजच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण अशा व्यवहारात प्रत्येक दिवसाच्या उशिराबरोबर रक्कम परत मिळण्याची शक्यता घटते. पुढे काय करायचे ते एखाद्या फौजदारी वकिलाला कागद दाखवून ठरवा.

प्रश्न : एलएलबी झाले. वडील कर्ज काढून लगेच परदेशी एलएलएमला पाठवू म्हणतात. सत्र न्यायालयात दोन-तीन वर्षे घालवणे म्हणजे वेळ दवडणे आहे का? (परळ)

नाही, आणि या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण पदव्या आहेत पण एकही साक्षीदार तपासलेला नाही असे उमेदवार पाहून मला खरोखर काळजी वाटते. या न्यायालयाचा पहिला खटला थॉमस लुबांगा या काँगोतील सशस्त्र गटाच्या नेत्यावरचा, मुलांना सैनिक म्हणून भरती केल्याच्या आरोपावरून. 2008 साली सुनावणी सुरू होण्यापूर्वीच तो थांबवावा लागला, कारण गोपनीयतेच्या अटीवर मिळालेले आणि आरोपीला उपयोगी पडू शकणारे पुरावे अभियोग पक्षाने बचाव पक्षाला दाखवले नव्हते. 2012 च्या निकालात न्यायाधीशांनी तपासाचे काम स्थानिक मध्यस्थांवर सोपवल्याबद्दल ताशेरे ओढले आणि बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या अनेकांच्या साक्षी विश्वासार्ह मानल्या नाहीत. दोष सिद्ध झाला तो चित्रफितींसारख्या इतर पुराव्यांच्या बळावर. ही फसगत टाळणारी नजर वर्गात बसून येत नाही.

फोर्टमधील सत्र न्यायालयात एखाद्या चांगल्या ज्येष्ठ वकिलाच्या मागे बसून पाहा. मुद्देमालाचे पाकीट उघडण्यापूर्वी तो लाखेची मोहोर शाबूत आहे का ते पाहतो, चिठ्ठीवरील पंचांच्या सह्या पंचनाम्यावरील सह्यांशी ताडतो आणि जप्तीनंतर पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत पाकीट जमा होईपर्यंत ते कोणाच्या ताब्यात होते, हे तपास अधिकाऱ्याला उलटतपासणीत विचारतो. मोबाइलमधील चित्रफीत आली की भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र मागतो. हेगमध्ये उपग्रह छायाचित्र पुढे आले तरी ते कोणी घेतले, कोणी हाताळले आणि त्यात बदल झाला नाही कशावरून, हेच विचारायचे असते. एलएलएम जरूर करा, पण हे प्रश्न विचारायला शिकल्यावर करा, म्हणजे तेथे काय शिकायचे तेही कळेल. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी वडिलांना घेऊन एखाद्या ज्येष्ठ फौजदारी वकिलाला भेटा आणि परतफेडीचा हिशेब बँकेकडून लेखी घ्या.

प्रश्न : 26/11 च्या सूत्रधारांवर हेगमध्ये खटला भरता येईल का? (गिरगाव)

सध्या नाही, भारत आणि पाकिस्तान दोघेही सदस्य नाहीत आणि दहशतवाद हा त्या संविधीत स्वतंत्र गुन्हा नाही.

प्रश्न : तेथे पूर्णवेळ पगारी नोकरी मिळाल्यास सनदेचे काय? (बोरिवली)

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही आणि नोकरी स्वीकारल्याचे राज्य परिषदेला कळवावे लागते. रुजू होण्यापूर्वीच महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या कार्यालयात चौकशी करून तसा अर्ज द्या आणि त्याची पोच स्वतःजवळ ठेवा.