नाणी आणि तुम्ही: तांब्याचा सेंट सापडलाय, पण घासू नका!

प्रश्न: माझे सासरे बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेहून आले तेव्हा सुट्टी नाणी घेऊन आले होते, ती परवा कपाट आवरताना सापडली. त्यात एक १९४३ चा सेंट आहे तांब्याच्या रंगाचा. मुलगा म्हणतो आई, हे लाखोंचं आहे! काळं पडलंय, चिंच लावून घासू का? आणि लोक एमएस ६४ वगैरे म्हणतात ते काय असतं?
- एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, आधी चिंच खाली ठेवा, प्लीज. बाकी सगळं नंतर.

१९४३ मध्ये महायुद्ध चालू होतं, तांबं दारूगोळ्याला लागत होतं म्हणून अमेरिकेने त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले, पांढुरके. पण आदल्या वर्षीच्या ब्राँझच्या, म्हणजे मुख्यतः तांब्याच्याच, काही चकत्या टांकसाळीत कुठेतरी अडकून राहिल्या आणि नव्या ठशाखाली गेल्या, त्यातून चुकीच्या धातूचे हे सेंट जन्माला आले. फिलाडेल्फिया, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को, तिन्ही टांकसाळींचे मिळून जगात वीस-पंचवीसच माहीत आहेत, आणि नकली मात्र ढिगाने.

म्हणून पहिलं काम, फ्रिजवरचं मॅग्नेट काढून नाण्याला लावा. चिकटलं तर पोलादावर तांब्याचं पाणी चढवलंय, प्रश्न मिटला. नाही चिकटलं तर दिवसा सराफ्यात जा (रात्री तिथे गराडू आणि जिलेबी, काटे बंद!) आणि ओळखीच्या सोनाराकडून वजन करून घ्या, पोलादी सेंट २.७ ग्रॅमचा, ब्राँझचा ३.११ चा. इथपर्यंत पास झालं तरी उड्या मारू नका, कारण १९४८ चा साधा सेंटही ३.११ ग्रॅमचाच असतो आणि त्यातल्या ८ ची डावी बाजू खरवडून ३ करणारे लोक आहेत, मॅग्नेट आणि काटा दोन्ही तिथे फसतात. सोनाराचं भिंग घेऊन तारीख बघा, खऱ्या १९४३ मधल्या ३ चं शेपूट बाकी आकड्यांच्या खाली लांब उतरतं. ८ कापून केलेला ३ तसा दिसत नाही.

आता ग्रेड, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचा आकडा. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठीच १ ते ७० अशी मोजणी काढली, तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागली. ५० ते ५८ म्हणजे एयू, थोडंसंच हाताळलेलं, ६० पासून वर एमएस, म्हणजे वापरातच न आलेलं. तांब्याच्या नाण्याला त्याच्यापुढे रंगही लिहितात, लाल, लाल-तपकिरी किंवा तपकिरी. डेन्व्हरचा १९४३ चा एकच ब्राँझ सेंट माहीत आहे, एमएस ६४ तपकिरी, २०१० मध्ये तो १७ लाख डॉलरला गेला आणि २०२१ च्या लिलावात तोच ८ लाख ४० हजारांना! आणि १९४७ मध्ये एका शाळकरी मुलाला कँटीनच्या सुट्ट्यात सापडलेला असाच दुसरा ब्राँझ सेंट, एयू ५३ चा, तो २०१९ मध्ये २ लाख ४ हजार डॉलरला विकला गेला. तपकिरी हा डाग नाहीये ताई, ते नाण्याचं वय आहे. चिंचेने घासलंत की ग्रेडिंगवाले आकडाच देत नाहीत, साफ केलेलं असं लिहून परत पाठवतात, आणि असं झालेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं कारण ते परत आणता येत नाही. कडेने धरा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातला पीव्हीसी हिरवा चिकट थर चढवतो. तिन्ही परीक्षा पास झाल्या तरच पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे पाठवायचा खर्च करा.

प्रश्न: १९९८ चा एक रुपया पिवळा मिळालाय, खरा एरर, म्हणजे टांकसाळीची चूक, असेल का?
- कॉलेज विद्यार्थी, इंदूर

उत्तर: बहुतेक कोणीतरी पाणी चढवलंय रे. तो रुपया स्टीलचा, ४.८५ ग्रॅम, मॅग्नेटला चिकटतो. तुझाही चिकटला तर कडेला भिंगातून बघ, पिवळ्याखालचं पांढरं कुठेतरी दिसेलच. नाहीच चिकटला आणि वजनही वेगळं आलं, तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठव, मी स्वतः बघेन.